व्याह्यांना जंगल दाखवताना

नॉरिस टिबेट्सने आपल्या होणाऱ्या व्याह्यांना रेडवुडच्या जंगलातून चालवत न्यायचं ठरवलं, त्यात जंगलाचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर टर्कीचा होता.

नॉरिसची एकुलती एक मुलगी टेसा हिने मिनेसोटाच्या नील्स ओस्टबीशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, दातसुद्धा चांगले. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि नॉरिसने ती शोधली नव्हती असंही नाही. पण लग्न ठरलं की दोन घरांमध्ये जो खरा प्रश्न उभा राहतो तो राहिलाच. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे टर्की भाजून सगळं घर एका टेबलावर बसतं त्या सणाला, पोरं कुणाकडे जेवणार? नाताळचं कसंही भागतं, आदल्या दिवशी इथे आणि दुसऱ्या दिवशी तिथे जाता येतं. पण नोव्हेंबरातला तो गुरुवार एकच असतो. पहिल्या वर्षी जोडपं ज्या टेबलावर बसतं त्याच टेबलावर ते जन्मभर बसतं, असं नॉरिसच्या बायकोचं, कोरिनचं, ठाम मत होतं. तिच्या तिन्ही बहिणींनी आपापल्या मुली अशाच घालवल्या होत्या.

"दोघांसाठी टर्की कोण भाजतं?" कोरिन म्हणाली.

नॉरिसने त्यावर काहीतरी विनोद केला, पण मनातून तो हादरला. ते लांबलचक टेबल, एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला कोरिन, आणि मध्ये तो अवाढव्य पक्षी.

अशात बातमी आली की लीफ आणि सोल्वे ओस्टबी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोर्ट अ‍ॅल्डनला भेटायला येतायत. कोरिनचं म्हणणं सरळ होतं: चांगलं जेवू घालू आणि तोंडाने विचारू. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? पण नॉरिस काउंटीच्या पाणी खात्यात तक्रारी घ्यायच्या खिडकीवर बसत असे, आणि सरळ विचारलेल्या प्रश्नाचं काय होतं हे तो रोज बघत होता. त्याचं गणित वेगळं होतं. मिनेसोटात सगळं सपाट. तिथल्या माणसाला आपल्या रेडवुडखाली उभं केलं की तो मान वर करणार, आणि मान वर केलेल्या माणसाला नाही म्हणताना मान हलवता येत नाही. त्याच क्षणी विषय काढायचा.

आता झाडंच दाखवायची तर टँगल क्रीक राखीव वनाच्या दारातच गाड्या लावायच्या जागेशेजारी एक थोरलं झाड आहे. पोर्ट अ‍ॅल्डनची माणसं आलेल्या पाहुण्याला त्याच झाडाजवळ उभं करून फोटो काढतात आणि जेवायला घरी येतात. नॉरिसनेही तीस वर्षं तेच केलं होतं. पण लीफ ओस्टबी दर हिवाळ्यात पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून लांब पल्ल्याची शर्यत मारतो, असं टेसाने सांगितलं होतं. असल्या माणसाला गाडीशेजारचं झाड दाखवणं म्हणजे आपल्या घराण्याची अब्रू घालवणं. म्हणून नॉरिसने वनातली सगळ्यात अवघड वाट निवडली. तिचं नाव तीन धारांची वाट. उत्तर फाटकावर सुरू होते, तीन डोंगरधारा चढते-उतरते आणि दिवसभर चालल्यावर दक्षिण फाटकाला लागते. नकाशावर तिच्यापुढे एका घामाघूम माणसाचं चित्र होतं. नॉरिसला ते शोभेसाठी वाटलं.

टेसाने फोनवर वडिलांना एक समज दिली.

"बाबा, ओस्टबींना काहीही तीनदा विचारायचं. पहिलं 'नको' शिष्टाचाराचं, दुसरं तू मनापासून विचारतोयस का ते बघायचं. तिसऱ्यांदा म्हणतील ते खरं. आणि ताटलीतला शेवटचा तुकडा त्यांच्याकडे कुणी घेत नाही. अर्धा करतात, मग त्याचा अर्धा करतात. शेवटी नखाएवढा उरतो तो झाकून फ्रिजमध्ये ठेवतात. तू मध्ये बोलू नकोस."

नॉरिस म्हणाला, एवढं काय, माणसंच आहेत. आणि विसरला.

यानंतर शेजाऱ्यांचा अध्याय सुरू होतो. पलीकडच्या घरातले हार्लन व्हॉस निवृत्त झाल्यापासून कुंपणावर कोपरं टेकून राहत असत. नॉरिसने पायऱ्यांवरून वरखाली करायचा सराव सुरू केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, घरात काही हरवलंय का. जंगलाचं कळल्यावर मात्र ते थेट कुंपण ओलांडून आले. पहाडी सिंह समोर आला तर पळायचं नाही, हात वर करायचे आणि मोठं दिसायचं, असं त्यांनी सांगितलं. नॉरिसकडे नीट बघून पुढे म्हणाले की त्याच्या बाबतीत नुसते हात पुरणार नाहीत, जाकीटही उघडून धरावं. मग त्यांनी आपली जुनी पाठपिशवी, शिट्टी आणि अस्वलासाठी घंटा आणून दिली. घंटा अस्वलाला घाबरवण्यासाठी की बोलावण्यासाठी, यावर हार्लन आणि त्यांची बायको यांच्यात तिथल्या तिथे मतभेद झाले. ग्रंथालयातल्या मिस प्रुइटनी गोचिडीवर एक पुस्तक काढून ठेवलं. चर्चमधल्या बाईंनी पॉयझन ओकच्या पानाचं वर्णन इतक्या तळमळीने केलं की नॉरिसला त्याच रविवारी खाज सुटली. अर्ध्या गावाने त्याला सल्ला दिला. त्यातल्या कुणीही ती वाट चाललेलं नव्हतं.

नंतर परवाना. या वाटेवर दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. आधी संगणकावर एक चित्रफीत बघावी लागते. उंच फांद्यांवर एक छोटा समुद्रपक्षी घरटं करतो. माणसांनी सांडलेल्या पावाच्या चुऱ्यासाठी कावळे येतात आणि जाता जाता त्याची अंडी फस्त करतात. म्हणून 'मी चुरा सांडणार नाही' अशी शपथ घेतल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. नॉरिसने ती उजवा हात वर करून घेतली. घरात तेव्हा कुणी नव्हतं, पण शपथ ती शपथ.

पुढच्या पानावर दोन गाड्यांचे नंबर मागितले होते. वाट एका फाटकावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असल्यामुळे इथल्या रिवाजाप्रमाणे पहाटे एक गाडी शेवटाला उभी करायची, मग सगळ्यांनी दुसऱ्या गाडीत बसून सुरुवातीला जायचं. संध्याकाळी शेवटच्या गाडीत बसून पहिली आणायला परत जायचं. नॉरिसची गाडी शेवटाला राहणार होती. दुसरी व्याह्यांची. पण व्याही ती विमानतळावर भाड्याने घेणार होते, आणि जी गाडी अजून मिळालेलीच नाही तिचा नंबर काय लिहायचा? 'नंतर कळवू' असं लिहिलं तर संगणक लाल व्हायचा. त्याने वन कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक बाई म्हणाल्या, तुमचाच नंबर दोन्हीकडे टाका.

"म्हणजे एकच गाडी एकाच वेळी दोन्ही फाटकांवर उभी राहील," नॉरिस म्हणाला.

"संगणकाला त्याचं काही वाटत नाही," बाई म्हणाल्या.

असली उत्तरं नॉरिस खिडकीतून रोज लोकांना देत असे. ऐकून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्याने मुकाट्याने नंबर दोनदा टाकला.

ओस्टबी आले. लीफ उंच, गोरा, पांढऱ्या दाढीचा. आयुष्यभर दूध काढायची यंत्रं विकून आता चर्चचा हिशेब बघणारा. सोल्वे त्याच्याहून गप्प. घर कसं वाटलं विचारलं तर लीफ म्हणाला, "वाईट नाही." समुद्र? "वाईट नाही." कोरिनने भाजलेला सामन मासा? "अगदी वाईट नाही." कोरिनने स्वयंपाकघरात नॉरिसला गाठून हा मनुष्य आपला अपमान करतोय का ते विचारलं. त्या मासळीतला शेवटचा तुकडा जेवण संपेपर्यंत पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता. टेबलावरचे सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

बायका घरीच राहणार होत्या. कोरिनचा गुडघा दुखत होता आणि सोल्वेने तिला सोबत करायचं पत्करलं. पण कोरिनने आपलं शस्त्र दिलं होतं: गेल्या ऑगस्टात कुंपणावरून तोडून गोठवून ठेवलेल्या ब्लॅकबेरींचा केक. तो बर्फाच्या पेटीत घालून शेवटच्या गाडीत ठेवायचा, चालून दमलेल्या व्याह्यांपुढे धरायचा आणि पहिल्या घासाला नोव्हेंबरचा विषय काढायचा, असा बेत होता. झाडांनी मान वर, केकने तोंड बंद. नॉरिसला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं.

पहाटे दोघांनी दोन गाड्या दक्षिण फाटकावर नेल्या. नॉरिसने आपली गाडी लावली, केक सावलीच्या बाजूला आहे ना पाहिलं, दारं ओढून दोनदा तपासली आणि लीफच्या गाडीत येऊन बसला. किल्ल्यांचा जुडगा मोठा होता. घराच्या, कार्यालयाच्या, हार्लनच्या घराच्या, आणि कशाची ते आता कुणालाच माहीत नसलेल्या दोन. बसल्यावर तो मांडीला टोचायला लागला म्हणून त्याने काढून दोन आसनांच्या मधल्या पेला ठेवायच्या खळग्यात ठेवला. मग उत्तर फाटकापर्यंत त्याने दिवसाची सगळी आखणी व्याह्यांना समजावून सांगितली. लीफ गाडी चालवत ऐकत होता. एकदा त्याने खळग्याकडे पाहिलं, मग नॉरिसकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नॉरिस तेव्हा दुसऱ्या धारेच्या चढावर होता.

रेडवुडखाली शिरल्यावर आवाज बंद होतात. धुकं वरच्या फांद्यांत अडकून थेंबाथेंबाने खाली पडत होतं, गुडघ्याच्या वर नेचे होते, आणि वाटेवर पिवळ्याधमक गोगलगायी आपल्या कामाला निघाल्या होत्या. त्या शांततेत नॉरिसच्या पाठीवरची घंटा वाजत होती. लीफने खरोखर मान वर केली. बराच वेळ केली. नॉरिस श्वास रोखून उभा राहिला.

"वाईट नाही," लीफ म्हणाला.

पहिल्या धारेवर नॉरिसला कळलं की ते घामाघूम चित्र शोभेसाठी नव्हतं. त्याने नवे बूट घेतले होते, आणि दुकानातल्या पोरीने ते महिनाभर घरात घालून फिरा असं बजावलं होतं. तो घरात फिरला होता, पण घर सपाट होतं. दुसऱ्या धारेच्या अलीकडे ओढा आला. त्यावर उन्हाळ्यात लाकडी पूल टाकतात आणि पावसाआधी काढून ठेवतात. हा पूल अजून काढून ठेवलेलाच होता, पलीकडच्या काठावर, नीट रचून, त्यावर ताडपत्री घालून. दोघांनी बूट गळ्यात अडकवले आणि पाण्यात उतरले. मध्यावर नॉरिसचा पाय सरकला आणि तो कमरेपर्यंत बसला. गळ्यातल्या बुटांत पाणी भरलं, शिट्टी आपोआप तोंडात गेली आणि वाजली. वनात दूर कुणीतरी तिला उत्तर दिलं. तो पक्षी होता असं दोघांनी एकमताने ठरवलं.

दुसरी धार उतरून जेवायला बसल्यावर शपथेची आठवण झाली. नॉरिसने मांडीवर रुमाल अंथरला, सँडविच त्यावर धरून खाल्लं आणि लीफच्या दाढीकडे बघत राहिला. दाढीत पावाचा चुरा होता. आता होणाऱ्या व्याह्याला दाढी झटक म्हणावं, तर चुरा जमिनीवर पडणार. झटकू नको म्हणावं, तर माणूस चुरा घेऊन दिवसभर फिरणार. शेवटी नॉरिसने रुमाल त्याच्या हनुवटीखाली धरला. "झटका," तो म्हणाला. लीफने झटकली. दोन प्रौढ गृहस्थ लग्नसंबंधाच्या वाटेवर इतके जवळ क्वचितच आले असतील.

तिथून जरा पुढे एक फाटा होता. डावीकडे उतरलं की रस्ता, रस्त्यावर तासातासाला बस. नॉरिसच्या टाचांची साल निघाली होती, विजारीतून पाणी ठिबकत होतं, आणि व्याही म्हणजे दूध काढायचं यंत्र असल्यागत एका चालीने चालत होता. नॉरिसने अगदी सहज विचारलं की परतायचं का. लीफ म्हणाला, नको नको, माझ्यासाठी कशाला. नॉरिसने आणखी एकदा विचारलं. लीफ म्हणाला, छे, छान चाललंय. मग एका पाहुण्यापुढे, तेही मुलाच्या बापापुढे, किती वाकायचं? नॉरिसने दात आवळले आणि तिसरी धार चढायला घेतली.

ती धार कशी चढली हे सांगण्यात अर्थ नाही. चढली. दक्षिण फाटकावर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि जागेवर एकच गाडी उरली होती, नॉरिसची. तिच्या काचेतून बर्फाची पेटी दिसत होती आणि पेटीच्या पारदर्शक झाकणातून केक. नॉरिसने उजव्या खिशात हात घातला. मग डाव्या. मग जाकिटाच्या, मग पाठपिशवीच्या, मग पुन्हा उजव्या, जणू किल्ल्या मधल्या वेळात परत आल्या असतील. मग तो जागच्या जागी उभा राहिला.

"किल्ल्या," तो म्हणाला. "तुमच्या गाडीत. त्या खळग्यात."

"हो," लीफ म्हणाला.

"हो म्हणजे?"

"मी बघितल्या होत्या. सकाळी तुम्ही ठेवल्यात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

लीफने टोपी काढली. "तुमची आखणी एवढी बारकाईची. म्हटलं, दुसरी किल्ली खिशात असणार. पाहुण्याने मध्ये तोंड घालायचं म्हणजे बरं दिसत नाही."

नॉरिस गाडीजवळच्या एका ओंडक्यावर बसला. दुसरी किल्ली होती. घरी, दाराजवळच्या खिळ्याला, 'जादा' अशी चिठ्ठी लावून. तीसुद्धा आखणीच होती. फोन काढून पाहिला तर त्याला या जंगलात कुठलाच संपर्क नव्हता. आणि आता तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर लीफ आणखी थोडं बोलला. त्याचा घोटा दुसऱ्या धारेपासून दुखत होता. फाट्यावर त्याला परतायचं होतं. फार परतायचं होतं.

"मग हो का नाही म्हणालात? मी विचारलं होतं."

"दोनदाच विचारलंत," लीफ म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण खंत होती.

टेसाचा फोन नॉरिसला तेव्हा आठवला. दोघंही केककडे बघत बसले. दुपारच्या सँडविचनंतर पोटात पाणी सोडून काही गेलं नव्हतं.

"काच फोडू का?" लीफने विचारलं. "मागची छोटी. त्रिकोणी."

"छे, नको."

"नक्की नको?"

"अहो, राखीव वन आहे. नको."

लीफने ओंडक्याजवळचा गुळगुळीत धोंडा उचलला. "फोडतो मग?"

"फोडा," नॉरिस म्हणाला.

काच फुटली आणि गाडी बोंबलायला लागली. हजारो वर्षांच्या त्या शांततेत असला आवाज पूर्वी झाला नसावा. दोघांनी आत हात घालून दार उघडलं, पेटी बाहेर ओढली, आणि तेव्हा नॉरिसच्या लक्षात आलं की काच फोडून केक मिळतो, गाडी चालू होत नाही.

गाडीच्या बोंबेने मात्र रेंजर ऑर्टेगाबाई पोचल्या. त्यांनी आपल्या पद्धतीने गाडी गप्प केली, काचा पाहिल्या, धोंडा पाहिला, दाढीवाला माणूस पाहिला, आणि हातातल्या कागदाकडे बघून म्हणाल्या की ही गाडी उत्तर फाटकावर उभी आहे.

नॉरिस म्हणाला, ती इथे उभी आहे.

बाई म्हणाल्या, इथेही आहे, पण तिथेही आहे. मग तिथे जी उभी आहे ती कुणाची, आणि तिचा परवाना कुठे? नॉरिसने बासरीपासून सगळी हकीकत सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकली. नॉरिसही खिडकीत अशीच ऐकत असे, आणि त्या ऐकण्यातून काही निष्पन्न होत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाईंनी वायरलेसवरून कार्यालयामार्फत कोरिनला जादा किल्ली घेऊन यायला कळवलं, काच सांडल्याबद्दल समज लिहायला घेतली आणि जाता जाता केकवर नजर टाकून चुऱ्याची आठवण दिली. मग त्या आपल्या गाडीत लिहीत बसल्या.

दोघं ओंडक्यावर बसून हातांनी केक खायला लागले. ताटल्या होत्या, चमचे कोरिनने दिले होते, पण उठायचं त्राण कुणाला नव्हतं. अंधारून आलं होतं. वर बघायचं म्हटलं तरी झाडांचे शेंडे दिसत नव्हते, आणि मान वर करायची ताकदही नव्हती. ठरवलेला क्षण हाच होता. पण ठरवलेलं एकही वाक्य नॉरिसला आठवेना. ओल्या विजारीत माणसाला मुत्सद्देगिरी जमत नाही.

"लीफ," तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला पोरं तुमच्याकडे गेली तर आम्ही दोघंच उरतो. मला ते सहन होणार नाही. तुम्ही सगळेच आमच्याकडे या."

लीफ घास गिळून म्हणाला, "नको नको. तुम्हाला कशाला त्रास."

तरी नॉरिसने पुन्हा विचारलं, या ना, खरंच या.

"छे, एवढं सामान घेऊन इतक्या लांब," लीफ केककडे बघत म्हणाला. "सोल्वे तिथे करतेच की दरवर्षी."

एवढ्यात ऑर्टेगाबाई कागद घेऊन आल्या आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवायला लागल्या. नॉरिसने कागद बाजूला सारला. काउंटीच्या सेवेत त्याने सरकारी कागद बाजूला सारण्याची ही पहिलीच वेळ.

"एक मिनिट," तो बाईंना म्हणाला, आणि व्याह्यांकडे वळला. "लीफ, थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे या."

पेटीत केकचा शेवटचा तुकडा उरला होता. तो लीफने उचलला. नॉरिसने नकळत पेटीतली सुरी पुढे केली, अर्धा करायला. लीफने ती घेतली नाही. अख्खा तुकडा तोंडात घातला, सावकाश खाल्ला, आणि नॉरिसकडून रुमाल मागून घेऊन आपणच दाढीखाली धरला.

"किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

नॉरिसने बाजूला सारलेला कागद पुन्हा ओढला आणि सही केली. ऑर्टेगाबाईंनी बॅटरी लावून ओंडक्याभोवतीची जमीन नीट तपासली. चुरा कुठेही नव्हता.